'देवाची योजना' हे कुणी, कुणाला आणि कधी म्हणायचं?

नगरचा_मास्तर | रविवार, रात्री १०.१२

सलाम मंडळी,

बरेच दिवस नुसता वाचनमात्र होतो. आज लिहायची वेळ आली.

पाच महिन्यांपूर्वी माझा धाकटा भाऊ गेला. वय ३८. संध्याकाळी डेअरीवर दूध घालून मोटरसायकलवर परत येत होता. पाऊस नुकताच थांबलेला, रस्त्यावर दिवे नाहीत, खड्डा पाण्यानं भरलेला. कुठला रस्ता, कुणाचं खातं हे इथे लिहीत नाही, तो विषय वेगळा चालू आहे. मागे भावजय आणि दोन मुली. आमच्या चर्चच्या मंडळीत पेटी तोच वाजवायचा.

तिसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेला घर भरलं होतं. येणारी बाई भावजयीच्या डोक्यावरून हात फिरवायची आणि म्हणायची, "प्रभूची योजना असते गं." कुणी म्हणालं, "माळी चांगलं फूल आधी खुडतो." कुणी म्हणालं, "झेपेल तेवढंच देव देतो." तिनं सगळ्यांना चहा दिला. माणसं गेल्यावर कप विसळता विसळता मला विचारलं, "दादा, त्या खड्ड्याची योजनापण प्रभूचीच का?"

मी तीस वर्षं रविवारची शाळा घेतोय. बायबलातले योसेफ, ईयोब, दानीएल सगळे तोंडपाठ. मला उत्तर आलं नाही.

तेव्हापासून ती मुलींना वेण्या घालून उपासनेला पाठवते, स्वतः येत नाही. रविवारी सकाळी गोधड्या धुवायला काढते.

देव सार्वभौम आहे, त्याच्या हातातून काही निसटत नाही, हा माझा विश्वास आहे. भाऊ गेल्यावर त्याच एका गोष्टीनं मला उभं ठेवलं. मग जी गोष्ट मला आधार देते तीच तिच्या छातीवर धोंडा होऊन का बसते? तिला काय म्हणू?

---

एक_कप_चहा | रविवार, रात्री १०.४०

फार वाईट वाटलं. तिला सांगा, तिचा प्रश्न पाप नाही.

आणि एक. माळी फूल खुडतो हे पवित्र शास्त्रात कुठेच नाही. शोकसभेच्या फलकावर आहे. "झेपेल तेवढंच देतो" हेही नाही. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १० व्या अध्यायात पौल लिहितो ते मोहाबद्दल, की मोहातून निभावण्याचा मार्गही देव ठेवतो. ते ओढूनताणून मयताच्या घरी आणलंय. माझे वडील गेले तेव्हा मला झेपलं नव्हतं. सरळ झेपलं नव्हतं.

---

तर्कट | रविवार, रात्री ११.०५

मी नास्तिक आहे, तरी मास्तरांच्या दुःखाबद्दल आदर ठेवून लिहितो.

हा प्रश्न जुना आहे. १ नोव्हेंबर १७५५, पोर्तुगालमधलं लिस्बन. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्चं भरलेली. भूकंप झाला, मग समुद्र आत आला, मग आग. हजारो मेले, त्यातले कित्येक प्रार्थनेला बसलेले. पुढच्याच वर्षी फ्रेंच लेखक व्होल्तेरनं त्यावर कविता छापली आणि 'जे आहे ते उत्तमच आहे' म्हणणाऱ्यांची पार सालं काढली. भावजयीनं कप विसळताना विचारलं ते त्याहून थोडक्यात आहे, इतकंच.

सर्वशक्तिमान म्हणायचं आणि खड्ड्याची जबाबदारी मात्र ठेकेदारावर टाकायची, हे कसं जमवता तुम्ही लोक?

---

प्रभूचा_शूर | सोमवार, सकाळी ६.१५

प्रश्न विचारणारा आत्मा देवाकडून नसतो. ताईंचा विश्वास कमी पडतोय. तीन दिवस उपास धरा, घरावर विजयाची प्रार्थना घ्या.

---

एक_कप_चहा | सोमवार, सकाळी ७.२०

@प्रभूचा_शूर, सगळं गमावलेल्या ईयोबाला समजवायला आलेले मित्र अलीफज, बिल्दद आणि सोफर हेच म्हणत होते. त्यांचं शेवटी काय झालं ते ईयोबाच्या ४२ व्या अध्यायात पाहा. देवाची बाजू घेऊन बोलले आणि देवच त्यांच्यावर रागावला. ओरडून ओरडून प्रश्न विचारणाऱ्या ईयोबाला मात्र म्हणाला, हा माझ्याविषयी बरोबर बोलला.

---

निवृत्त_पाळक | सोमवार, दुपारी ३.३०

मास्तर, सलाम. चाळीस वर्षं मयताच्या घरी बोलण्याचं काम केलं. त्यातलं निम्मं बोललो नसतो तर बरं झालं असतं.

तर्कटरावांनी लिस्बन काढलं, मी किल्लारीचं सांगतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. मी तेव्हा तरुण पाळक, सोलापूरकडून घोंगड्या आणि पीठ घेऊन निघालेल्या ट्रकमध्ये बसून गेलो. सास्तूरच्या अलीकडे एका वस्तीत एक म्हातारा पडलेल्या भिंतीजवळ बसला होता. मी वाकून म्हणालो, "बाबा, देवाच्या मनात काहीतरी असेल." त्यानं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. हातातला दगड उलटा केला आणि म्हणाला, "ही भिंत म्याच रचली व्हती."

त्या भागातली घरं म्हणजे दोन-दोन हात जाडीच्या दगडी भिंती, सांध्यात नुसती माती, वर लाकडावर मातीचं जड माळवद. उन्हाळ्यात गार. रात्री हललं तेव्हा सगळं झोपलेल्या माणसांवर आलं. म्हाताऱ्याला ते माझ्याआधी कळलं होतं. मी देवाचं नाव घेऊन त्याच्यासमोरची भिंत पुसायला निघालो होतो.

तर्कटराव, तुमच्या प्रश्नाला मी टाळाटाळ करणार नाही. देवाच्या परवानगीवाचून भूकंप झाला असं मी म्हणणार नाही, कारण मग त्याच्या हातात काहीच उरत नाही आणि मी प्रार्थना कुणाकडे करायची? पण शास्त्र दोन्ही गोष्टी एका दमात बोलतं. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र उभा राहून म्हणतो, येशू देवाच्या ठरलेल्या संकल्पानं धरून दिला गेला, आणि तुम्ही त्याला अधर्म्यांच्या हातून मारलंत. दोन्ही एकाच वाक्यात. संकल्प होता म्हणून क्रुसाची शिक्षा देणारा पिलात सुटला नाही. योजना होती म्हणून ठेकेदारही सुटत नाही. हे दोन्ही टोकांनी कसं जुळतं ते मला माहीत नाही. जुळतं एवढं मानतो.

मास्तर, आता तुमचा योसेफ. उत्पत्तीच्या पुस्तकाच्या शेवटच्या अध्यायात तो भावांना म्हणतो, तुम्ही माझं वाईट योजलं, देवानं त्यातून चांगलं योजलं. मयताच्या घरी हीच ओळ सगळ्यात जास्त वापरली जाते. जरा हिशेब करा. भावांनी विकला तेव्हा तो १७ वर्षांचा. मिसरच्या राजापुढे, फारोपुढे, उभा राहिला तेव्हा ३०. मग सुकाळाची ७ वर्षं आणि दुष्काळाची २, तेव्हा भावांना ओळख दिली. म्हणजे 'देवानं मला पुढे पाठवलं' हे शब्द पहिल्यांदा तोंडातून निघायला २२ वर्षं लागली. शेवटच्या अध्यायातली ओळ बाप मेल्यानंतरची, आणि याकोब मिसरात १७ वर्षं जगला. झाली ३९.

आणि बोललं कोण? योसेफ. कल्पना करा, तो भावांनी टाकलेल्या खड्ड्यात पडलाय, वरून भाऊ यहूदा वाकून म्हणतोय, "अरे घाबरू नकोस, देवाची योजना आहे."

आपल्या तिसऱ्या दिवसाच्या प्रार्थनेत हेच होतं.

---

वारीतला | सोमवार, रात्री ८.५५

पाळकसाहेब, लेख जपून ठेवावा असा प्रतिसाद. मी माळकरी, पण माझी बायको मिशनच्या शाळेत शिकलेली, म्हणून या धाग्यावर डोकावलो.

आमच्याकडे 'ठेविले अनंते तैसेचि राहावे' म्हणतात. शिवाय प्रारब्ध आहे, भोग आहे. मग तुमच्या योजनेत आणि आमच्या प्रारब्धात फरक काय? की नाव बदललं आणि गोष्ट तीच?

(अवांतर: नारायण वामन टिळक आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो असं म्हणत. तेव्हा पूल आहे, हे धरून विचारतोय.)

---

निवृत्त_पाळक | सोमवार, रात्री ९.४०

माऊली, पूल आहेच. समाधानाची ती ओळ मीही म्हणतो.

फरक मला असा दिसतो. प्रारब्ध म्हटलं की खातं उघडावं लागतं, कुणी काय केलं म्हणून हे झालं. येशूच्या शिष्यांनीही जन्मांध माणसाकडे बोट दाखवून तेच विचारलं होतं: पाप कुणाचं, याचं की आईबापाचं? तो म्हणाला, दोघांचंही नाही. शिलोहाचा बुरूज कोसळून १८ माणसं मेली, तेव्हाही तो म्हणाला, ती यरुशलेमातल्या इतरांहून पापी होती असं समजू नका. खातंच बंद करून टाकलं.

दुसरं, दैवाला तोंड नसतं. त्याच्याशी भांडता येत नाही. स्तोत्रं वाचा, निम्मी भांडणं आहेत.

आमच्या परंपरेत १५६३ साली जर्मनीतल्या हायडेलबर्गला एक प्रश्नोत्तरी तयार झाली. ती लिहिणाऱ्यांत प्रमुख असलेल्या उर्सिनसनं तेव्हा तिशीही गाठली नव्हती. तिचा पहिला प्रश्न 'देव कोण' असा नाही. जगताना आणि मरताना तुझं एकमेव सांत्वन कोणतं, असा आहे. उत्तराचा आशय असा की मी माझा नाही, ख्रिस्ताचा आहे, आणि बापाच्या इच्छेवाचून माझ्या डोक्यावरचा केससुद्धा पडत नाही. पुढे २७ व्या प्रश्नात पाऊस आणि अवर्षण, पिकाची वर्षं आणि नापिकीची, आरोग्य आणि आजार, हे सगळं यदृच्छेनं नाही, बापाच्या हातून येतं असं म्हटलंय. सगळा भर 'बाप' या शब्दावर आहे. तो काढला तर उरेल ते तुमचं दैवच, आणि मग आपल्यात भांडण नाही.

बापाच्या या सांभाळाला मराठीत 'तरतूद' म्हणतात तेव्हा मला अर्थसंकल्प आठवतो, दुसरा चांगला शब्द मात्र सापडत नाही.

---

रात्रपाळी | मंगळवार, पहाटे ४.१०

मी परिचारिका. बालविभाग, रात्रपाळी. आता दोन मिनिटं शांत आहे म्हणून लिहिते. गाव, रुग्णालय काही सांगत नाही.

मला या शिकवणीचा उपयोग कुठे होतो ते सांगते. मेलेल्या मुलाच्या आईला समजावायला होत नाही. तिथे मी फक्त खुर्ची ओढून देते आणि सलाईनची नळी काढल्यावर मुलाचा हात पुसून तिच्या हातात देते. उपयोग मला होतो, सकाळी घरी गेल्यावर. आधीची काही वर्षं मी झोपायचे नाही. अमक्या वेळी डॉक्टरांना अजून एकदा फोन केला असता तर. डोस पाच मिनिटं आधी दिला असता तर. डोळे मिटले की तक्ता दिसायचा.

मग एकदा स्तोत्र १२१ वाचताना अडकले. इस्राएलाचा रक्षक डुलकी घेत नाही, झोपत नाही. मनात आलं, तो जागा आहे तर दोघांनी कशाला जागायचं? हसू आलं आणि झोपले.

माझ्या हातून चूक झाली असेल तर ती चूकच. ती मी लेखी देते, कबूल करते. पण त्या मुलाचा शेवटचा शब्द माझ्या पाच मिनिटांच्या हातात नव्हता, हे मला पुरतं. मास्तर, तुम्हाला ज्यानं उभं ठेवलं ते हेच असेल. तुम्हाला ते आतून मिळालं. भावजयीला बाहेरून, चहाच्या कपाबरोबर आणून दिलं.

घंटी वाजली, जाते.

---

केडगावकर | मंगळवार, दुपारी १.१५

रात्रपाळी ताई, _/\_

मी पुणे जिल्ह्यातल्या केडगावचा, मुक्ती मिशनच्या आवाराशेजारी वाढलेला. योसेफाच्या गोष्टीला आपल्याकडे जोड आहे म्हणून लिहितो. पंडिता रमाबाईंचं नाव सगळ्यांना माहीत असतं, पण त्यांच्या दुष्काळांची सांगड कुणी घालत नाही.

पहिला दुष्काळ त्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या असतानाचा, १८७० च्या दशकातला, दक्षिणेतला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे विद्वान, घरदार सोडून तीर्थयात्रा करत पुराणं सांगणारे. जवळचं सगळं संपलं. वडील गेले, आई गेली, मोठी बहीण गेली. आई शेवटाला लागली होती तेव्हा रमाबाई शेजारच्या घरी बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागायला गेल्या. शास्त्र्याची मुलगी, संस्कृत तोंडपाठ, पण मागायला तोंडातून शब्द फुटेना. त्या बाईंनी ओळखून भाकरी दिली. आईला ती खाण्याची ताकद उरली नव्हती.

मग भाऊ आणि त्या, दोघं चालत चालत १८७८ ला कलकत्त्याला. १८८० ला भाऊ गेला. लग्न केलं, १८८२ ला नवरा पटकीनं गेला, कडेवर लहानगी मनोरमा. १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा. १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदासदन, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं.

आता दुसरा दुष्काळ, १८९६-९७, मध्य प्रांतातला. बातम्या आल्यावर रमाबाईंना आपला पहिला दुष्काळ आठवला, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. अनाथ मुली कुणाच्या हाती लागतात, हे त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिकडे गेल्या आणि शेकडो मुली-बायका घेऊन आल्या. पुण्यात प्लेग, माणसं ठेवायला जागा नाही. केडगावला रेल्वेच्या बाजूला जमीन मात्र होती. संस्थेला पुढेमागे उत्पन्न असावं म्हणून फळबागेसाठी आधीच घेऊन ठेवलेली. त्या मोसंबी-संत्र्याच्या विचारानं घेतलेल्या रानात मुक्तिसदन उभं राहिलं. १९०० पर्यंत तिथे दोन हजारांच्या घरात माणसं होती.

ती फळबाग मला लहानपणापासून आवडते. जमीन घेणाराला माहीत नाही कशासाठी घेतोय. मला तरतूद म्हणजे ती जमीन दिसते.

---

तर्कट | मंगळवार, दुपारी २.०२

केडगावकर, गोष्ट सुंदर आहे, म्हणूनच अडवतो. मुली वाचाव्यात म्हणून आई भुकेनं मारली, असा हिशेब निघतो. ती भाकरी न खाता मेली ती बाई कुणाच्या तरी योजनेतला कच्चा माल होती का?

---

केडगावकर | मंगळवार, दुपारी ४.४८

तासभर विचार करून लिहितोय.

नाही. तो हिशेब मी मांडणार नाही, आणि माझ्या समजुतीप्रमाणे रमाबाईंनीही मांडला नाही. त्यांनी आईची गोष्ट मुलींच्या गोष्टीत विरघळू दिली नाही. दोन्ही वेगवेगळ्या लिहिल्या. भाकरी तशीच राहिली, हेही लिहिलं.

आणि पुढचंही ऐका, कारण व्याख्यानांत लोक मुक्तिसदनापाशी थांबतात. मनोरमा आईच्या कामात हाताशी आली, पुढे तीच चालवणार असं सगळ्यांनी धरलेलं. २४ जुलै १९२१ ला ती गेली, आईच्या आधी. रमाबाई तेव्हा त्रेसष्टच्या, कानानं अधू, आणि हिब्रू-ग्रीकवरून साध्या बायकांना वाचता येईल अशा मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर चालू. त्या नऊ महिन्यांत त्यांनी ते पुरं केलं आणि ५ एप्रिल १९२२ ला गेल्या. मुलगी का गेली याचं उत्तर त्या कामात नाही. मुद्रितं तपासत राहिल्या, एवढंच दिसतं.

तुम्ही म्हणाल, हे उत्तर नव्हे. बरोबर.

---

तर्कट | मंगळवार, सायं. ५.१०

नव्हेच. पण तुम्ही ते उत्तर म्हणून विकलं नाहीत, त्याबद्दल आभार.

---

न्यूजर्सीची_काकू | मंगळवार, रात्री ९.३०

मी पंचवीस वर्षं इकडे, पण रविवारी मराठी शास्त्रच उघडते. चिमण्यांचं कुणीच कसं काढलं नाही?

मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो, दोन चिमण्या दमडीला विकतात. लूकात म्हणतो, पाच चिमण्या दोन दमड्यांना. आता मंडईत वाढलेल्या बाईला हे लगेच दिसतं: दमडीला दोन तर दोन दमड्यांना चार. पाचवी वर घातलेली! जुडीवर चार मिरच्या टाकतात तशी. तिची किंमतच नाही. आणि तो म्हणतो, तिचाही देवाला विसर पडत नाही.

पण मत्तयात तो काय म्हणत नाही तेही बघा. चिमणी पडणार नाही असं म्हणत नाही. पडते. बापाला वगळून पडत नाही, इतकंच. आम्ही लहानपणी हे 'देव चिमणीला झेलतो' असं गायचो, ते आमचं आम्हीच जोडलेलं.

मास्तर, भाऊ पडला तिथे रस्त्यावर कुणी नव्हतं. माझा विश्वास आहे की कुणीतरी होतं. पण हे भावजयीला सांगू नका हं, मी तुम्हाला सांगतेय.

---

वसईचा_कुपारी | मंगळवार, रात्री १०.२०

आम्ही कॅथलिक, आमच्याकडे २ नोव्हेंबरला सगळं धर्मग्राम दफनभूमीत जातं. फुलं, मेणबत्त्या, कबरी धुऊन काढायच्या. तुम्ही प्रोटेस्टंट मृतांसाठी प्रार्थना करत नाही, त्यावरून इथे भांडण नको. सांगायचं वेगळंच होतं.

योहानाच्या शुभवर्तमानात क्रुसाजवळ मरिया उभी आहे. इतकी मोठी घटना, जगाचं तारण चाललंय, सगळी योजना तिथे येऊन ठेपलेली. आणि तिच्या तोंडी एक शब्द नाही. तिला कुणी समजावतही नाही. येशू फक्त तिच्या राहण्याची सोय लावतो: हा तुझा मुलगा, ही तुझी आई.

सोय लावा, मास्तर. मुलींची फी, दुधाचे पैसे, गाडीच्या विम्याचे कागद.

---

एक_कप_चहा | मंगळवार, रात्री १०.३५

+१. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस सात रात्री जमिनीवर नुसते बसले होते. तेवढं काम झकास केलं. आठव्या दिवशी तोंड उघडलं आणि बिघडलं.

---

प्रभूचा_शूर | मंगळवार, रात्री ११.५०

माझा प्रतिसाद घाईत होता. माझ्या सासऱ्यांच्या वेळी मला हेच सांगितलं होतं, मी तेच पुढे दिलं. मास्तर, राग मानू नका.

---

नगरचा_मास्तर | पुढचा सोमवार, रात्री ९.०५

सगळ्यांना सलाम. आठवडाभर एकेक प्रतिसाद वाचत होतो. शूरभाऊ, राग नाही. मीही मागे कुणाच्या तरी घरी माळी आणि फूल म्हटलेलं आहे.

काल काय झालं ते लिहितो.

काल उपासनेला गेलो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदा, आजारपण सोडून. रविवारची शाळा दुसऱ्यावर सोपवली आणि सकाळी आठला भावाच्या घरी गेलो. भावजय नेहमीप्रमाणे गोधड्या घेऊन बसली होती. चार गोधड्या. मला पाहून म्हणाली, "दादा, आज चर्च?" म्हटलं, "आज नाही." तिनं पुढे विचारलं नाही.

ओली गोधडी एकट्याला पिळता येत नाही हे मला माहीतच नव्हतं. आमच्याकडे मशीन आहे. एक टोक एकानं धरायचं, दुसरं दुसऱ्यानं, आणि उलट्या दिशांनी पीळ घालत जायचं. पाच महिने ती एक टोक विहिरीच्या लोखंडी पाइपाला बांधून पिळत होती. आधी ते टोक भाऊ धरायचा, पेटी वाजवायला जायच्या आधी.

मी टोक धरलं. चारही पिळून झाल्या. दोघांचे पाय भिजले. देवाबद्दल एक अक्षर बोललो नाही.

मग तीच म्हणाली, "तुम्ही काहीतरी वाचायला आणलं असेल." पिशवी तिनं पाहिली होती. मी आणलं होतं, पण सगळं मिळून भल्यासाठीच होतं असं सांगणारा रोमकरांस पत्राचा आठवा अध्याय नाही. स्तोत्र ८८ वाचलं. इथे कुणी ते सुचवलं नव्हतं. पाळकसाहेबांनी स्तोत्रांत निम्मी भांडणं आहेत म्हटलं, त्यावरून मी शोधत बसलो होतो. त्यात माणूस रात्रंदिवस ओरडतोय, देवाला विचारतोय की तू तोंड का लपवतोस, माझी माणसं माझ्यापासून दूर का केलीस. तू केलंस, तू केलंस, असंच म्हणत जातो. खड्ड्याचा उल्लेखही आहे, तो वाचताना माझा आवाज गेला. शेवट अंधारात होतो. बाकीच्या बहुतेक विलापांत शेवटी आशेची एखादी ओळ येते, इथे नाही.

वाचून थांबलो तर ती म्हणाली, "संपलं?"

"संपलं."

"एवढंच? पुढे सगळं नीट झालं असं नाही?"

"नाही."

बराच वेळ वाळत घातलेल्या गोधडीकडे बघत बसली. मग म्हणाली, "हे पण पवित्र शास्त्रातच आहे?" मी पुस्तक पुढे केलं. तिनं हात पुसले, स्वतः वाचलं, ओळीखाली बोट धरून. मग उठून वीजबिल आणलं आणि त्या पानात घातलं. पुस्तक मला परत दिलं नाही.

ती उपासनेला येईल की नाही माहीत नाही. विचारणारही नाही. मला विचाराल तर, तो माणूस अंधारात कुणाशी बोलतोय, माझ्यासाठी सगळं तिथे आहे. त्याला वाटतं देवानंच केलंय, आणि तक्रार घेऊन तो जातोही त्याच देवाकडे. दुसऱ्या कुणाकडे जात नाही. भावजयीच्या कपातल्या प्रश्नातही 'प्रभू' हा शब्द होता. ती माझ्याशी बोलत नव्हती बहुतेक.

कुपारीभाऊ, तुमचं ऐकलं. विम्याचे कागद काढले. आणि रस्त्याचा अर्ज मी माझ्या नावानं करणार होतो, ती म्हणाली माझ्या नावानं करा. आज दुपारी दोघं जाऊन देऊन आलो. तिनं स्वतः सही केली.

---

रात्रपाळी | सोमवार, रात्री ११.४०

पाळीवर निघतेय. पोहोच घेतलीत ना अर्जाची? तोंडी 'ठेवून जा' म्हणतात आणि मग कागद सापडत नाही.

---

नगरचा_मास्तर | मंगळवार, सकाळी ६.५०

घेतली, ताई. शिक्का पुसट उठलाय, पण तारीख वाचता येते. तिनं ती त्याच पुस्तकात ठेवलीय.